काचेवरची शेजारीण

काचेवर आई उमटलीच नव्हती. मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबलेला, दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लावलेले, आणि उत्कर्षा पालघरच्या सर्जनना "इआर निगेटिव्ह दिसतंय, सर" असं बोलूनही बसली होती. मग सवयीनं तिनं काच जराशी वर सरकवली. जिथं दर वेळी मोहरी उधळावी तसे तपकिरी ठिपके दिसायचे तिथं नुसता फिका निळा रंग पसरला होता, ओहोटीनंतरच्या चिखलासारखा. लहानपणी जत्रेत धरलेलं बोट सुटून हातात नुसती हवा राहिली होती, तसं तिला झालं.

"थांबा, सर."

"काय थांबा? निगेटिव्ह म्हणालात ना? म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा. मी तिला लाईटला मुंबईला पाठवतो. तिकडची तारीख त्यांनी आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय."

"मी आत्ता जे बोलले ते सोडून द्या. माझं कंट्रोल उठलेलं नाही."

"अहो, मग काय समजू मी?"

"मी अजून काहीच बोललेले नाही असं समजा. संध्याकाळी सांगते."

तिनं फोन ठेवला. एका काचेवर नेहमी दोन तुकडे असतात. खालचा रुग्णाचा, ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं. वरचा असा, की त्यात ती खूण आहेच हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं. दोघांना एकच पाणी, एकच औषध, एकच रंग. वरचा तपकिरी झाला, तरच खालच्याच्या 'नाही'ला काही अर्थ. वरचाच कोरा राहिला तर खालच्याचं 'नाही' हे नाही नव्हेच; ती नुसती मुकी काच. म्हणून आधी वर बघायचं, मग खाली. आज तिनं आधी खाली बघितलं होतं. घाईत, कुर्त्याच्या आत दूध दाटून आलेलं, फोनवर माणूस ताटकळलेला. आणि वर, बोईसरच्या या लॅबमध्ये इतकी वर्षं अनोळखी बायकांच्या शेजारी बसून साक्ष देत आलेला तो तुकडा उत्कर्षाच्या आईच्या गर्भपिशवीचा होता.

हे काही कुणी लपवून केलेलं नव्हतं. आईची, गोजराबाईंची, पिशवी गाठींनी भरली, महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायला लागलं, तेव्हा ती काढली आणि तपासायला इथंच आली. उत्कर्षा नुकतीच या लॅबमध्ये लागलेली. लॅबच्या म्हाताऱ्या सरांनी काच बघितली आणि म्हणाले, पोरी, आईला काहीसुद्धा झालेलं नाही, उलट अस्तर बघ कसं, इतक्या नीटस ग्रंथी मी कित्येक दिवसांत पाहिल्या नाहीत. विचार तिला, कंट्रोलला ठेवू का? आई तेव्हा दवाखान्यात खाटेवर उशाला टेकून बसलेली. भूल उतरताना तिची मराठी पार पुसून गेली होती. तारापूरला सगळा संसार झालेली बाई "मनी आंडेर कोठे शे?" म्हणून सारखी लेकीला शोधत होती, आणि नर्स म्हणत होती, ही कुठली भाषा बोलतेय? उत्कर्षाला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं की माणसाच्या सगळ्यात तळाशी काय असतं. दुसऱ्या दिवशी मराठी परत आली, आणि सरांचा प्रश्न ऐकून आई हसली होती. "ठेवा की! मला काय करायचंय तिचं आता? पोरीला त्यातच ठेवलं होतं. आता ती पोरीपाशी राहू दे." सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तेव्हापासून मेणाच्या त्या चौकोनी वडीला लॅबमध्ये सगळेच 'आई' म्हणायचे. आई लाव. आई छान उठलीय. आई जरा फिकी वाटते, पाणी बदल. उत्कर्षा नवीन होती तेव्हा कधी कधी मोठ्या भिंगाखाली ते अस्तर नुसतंच बघत बसायची. वरचा थर दर महिन्याला झडून जातो, तिला धरून ठेवणारा थर तर ती जन्मली तेव्हाच निघून गेला असणार. पण खालचा, मुळाचा थर तोच असतो. त्यातूनच पुन्हा पुन्हा सगळं उगवतं. म्हणजे ही तीच जमीन. मी इथं रुजले. असा विचार आला की ती डोळे काढून घ्यायची. बघू नये असं काही बघितल्यासारखं व्हायचं, आणि तरी पुन्हा बघावंसं वाटायचं. तिची तेजल पोटात होती त्या दिवसांत तर ती रोज बघायची. पोटात पोर पाय मारतेय, आणि समोर काचेवर ते घर, जिथं तिनंही असेच पाय मारले असतील. या सगळ्याला शब्द नव्हते. नवऱ्याला, विपुलला, एकदा सांगायला गेली तर तो म्हणाला, "तू जेवलीस का?"

खालचा तुकडा किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या जमुनाचा होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त. सर्जननी आतून खरवडून काढलेलं ते तांदळाच्या कणीएवढं मांस. त्यात कॅन्सर होता याबद्दल शंकाच नव्हती. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो बघितल्याबरोबर दिसला होता. एकमेकींच्या अंगावर चढलेल्या ग्रंथी, फुगलेली केंद्रकं. प्रश्न एवढाच होता, की हा कुठला? पिशवीच्या आतल्या अस्तराचा की पिशवीच्या तोंडाचा? दोघांमधलं अंतर बोटाच्या पेराएवढं, आणि बिघडल्यावर दोघे जुळे दिसतात. पण अस्तराचा असला तर आधी ऑपरेशन, पिशवीच काढायची. तोंडाचा असून इतका आत पसरलेला असला तर सुरी नाही, मुंबईला जाऊन लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घ्यायची. एकाचा इलाज दुसऱ्याला केला तर ती बाई सगळं सोसेल आणि आजार आहे तिथंच बसून राहील. म्हणून खुणा. इआर म्हणजे पेशीच्या गाभ्यातली ती कडी, जिच्यावर बाईपणाचा रस येऊन थाप मारतो. अस्तराच्या पेशीला ती असते. व्हायमेंटिन हा पेशीच्या अंगातला दोरा, तोही अस्तराकडचा. आणि पी-सोळा हे तोंडाकडचं. विषाणूनं तिथं घर केलं असेल तर ते काठोकाठ भरून दिसतं. उत्कर्षाला हे सगळं पाठ होतं, परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं, पण पाठ असलेल्या गोष्टीचं नवल संपतं असं थोडंच आहे! पेशी बिघडते तेव्हा काय काय विसरते. आकार विसरते, थांबायचं विसरते, शेजारणीला जागा सोडायचं विसरते, मरायचंसुद्धा विसरते. लिव्हरमध्ये जाऊन बसते, फुप्फुसात जाऊन बसते. इतकं सगळं विसरून आपण कुठली ते मात्र विसरत नाही. इथं नवापूर रोडवर शिफ्ट सुटते तेव्हा सगळे सारखेच दिसतात, तोच निळा गणवेश, तेच हेल्मेट, तीच धूळ, तीच हिंदी. पण एखाद्याचं बोट मशिनमध्ये सापडू दे. तोंडातून जे बाहेर पडतं ते थेट बिहारातल्या छपऱ्याचं, नाहीतर बीडचं, नाहीतर विक्रमगडच्या डोंगरातलं. आई नाही का, भूल उतरताना चोपड्याला, माहेरच्या बोलीत, जाऊन पोचली होती! कुणी शिकवलं पेशीला हे? कुणासाठी जपून ठेवते ती ही खूण, जी तिला स्वतःला काहीच उपयोगाची उरलेली नाही? जणू कधीतरी कुणीतरी विचारील, बाई गं, तू कुठली, आणि तेव्हा सांगता आलं पाहिजे.

"मॅडम, माज्या हातून कदी असा झालाय काय?" वैभवीताई दारात उभी. शिरगावची, लॅबमध्ये उत्कर्षाच्याही आधीपासून. वड्या कापणं, काचा शिजवणं, रंगवणं सगळं तिच्याकडं. "रंग ताजा, पानी ताजा. शिट्ट्या मोजल्याशिवाय मी बटनाला हात पन लावत नाय."

मेणात बसलेल्या मांसाची तोंडं मिटलेली असतात. ती उघडायला काचा खारट पाण्यात बुडवून कुकरमध्ये शिजवाव्या लागतात. मोठ्या शहरांत त्याला यंत्रं आहेत. इथं सरांनी घेतलेला स्टीलचा कुकरच होता, कुणाच्याही ओट्यावर असतो तसला. तुरीच्या डाळीसारखं आहे, सर म्हणायचे, शिजल्याशिवाय ती काही बोलत नाही.

"पुन्हा लावू," उत्कर्षा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

वैभवीताईनं फ्रीज उघडला, वडी हातात घेऊन उजेडात धरली, आणि अगदी सहज, मीठ संपल्याचं सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, आई संपत आली हां. आता लावली तर ही शेवटची. दुसरी वडी काढू काय? कोनत्या तरी बाईची हाय, चांगली असंल."

"ती अजून तपासलेली नाही. आज आईच लाव."

"नि मुरब्याच्या बाईचा पन एवढाच उरलाय. पुन्हा चुकला तर कापायला काय नाय."

वैभवीताईच्या पात्याखालून मेणाची फीत सुटत गेली, कोमट पाण्यावर तरंगली, दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली आणि हळूच ताठ झाली. साय काचेवर उचलून घेतली. वर आई, खाली जमुना. आजवर कितीजणी तिच्या शेजारी बसून गेल्या असतील, असं उत्कर्षाच्या मनात आलं. विक्रमगडची, डहाणूची, कुणी चाळीत राहणारी बिहारी पोर. आईला यातलं काहीच माहीत नाही. ती आत्ता तेजलला पायावर घेऊन झुलवत असेल.

काचा वाळून कुकरमध्ये गेल्या. दोघीजणी समोर उभ्या राहिल्या, पाहुणा यायचा असावा तशा. शिट्टी झाली. "एक," वैभवीताई म्हणाली. पुन्हा झाली. "दोन." तिचा हात बटणाकडे सरकायला लागला आणि उत्कर्षानं कुकरकडे बघितलं. शिट्टी जागची हललेली नव्हती. वाफेचा धागासुद्धा नव्हता. खिडकीतून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता.

"वैभवीताई, ही शिट्टी कुणाची?"

वैभवीताईनं क्षणभर कुकरकडं पाहिलं, मग खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. खाली कारखान्यातल्या लोकांची खानावळ होती. "ओ ज्ञानेश्वरीकाकू! कुकर तुमचा वाजतो काय?"

"माझा नाही तर कुणाचा वाजणार?" खालून आवाज आला. "डाळ लावलीय. का, तुमच्या बाटलीतल्या पाहुण्यांना जेवायचंय?"

"तुमच्या डाळीनं काल आमचा पार घोटाळा केला!"

"माझ्या डाळीला नाव ठेवायचं नाही हां! इतकी माणसं जेवून जातात, एक ओरडत नाही!"

वैभवीताईनं डोकं आत घेतलं तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. रोज कुकर दुपारी लागायचा, खानावळीची चूल विझल्यावर. काल सर्जनची घाई म्हणून सकाळीच लावला, आणि खालच्या डाळीच्या शिट्ट्या मोजून वैभवीताईनं वरच्या काचा कच्च्याच उतरवल्या. आधी उत्कर्षाला हसू आलं, मग ते मावळलं. एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य, आणि खालची तूरडाळ. "मॅडम, मी..." वैभवीताई म्हणाली. "खिडकी लाव," उत्कर्षा म्हणाली, "आणि इथंच उभी राहा." बऱ्याच वेळानं त्यांचा स्वतःचा कुकर खोकला, वाफ वर गेली, आणि तो जो काही आवाज झाला तो ऐकून दोघींनीही नकळत पदर-ओढणी सावरली.

रंग चढायला दुपार जाणार होती. तेवढ्यात काउंटरवर कुणी तरी मोकळी पाटी आपटून ठेवली. "बाय, जमुनाचा रिपोट झाला काय? मुरब्याची."

"जमुनाबाय, तू होय!" वैभवीताई ओळख लागून म्हणाली. "दारात येतेस तेव्हा पापलेटचा भाव उतरवत नायस, नि इकडं बरी घाई!"

"पापलेट पन ताजा पायजे नि रिपोट पन ताजा पायजे. भाव कशाला उतरवू?" ती हसली. अंबाड्यात अबोली, कपाळावर घाम, आणि हसताना एक हात ओटीपोटावर, विसरून ठेवल्यासारखा. उत्कर्षा बाहेर आली. ज्या बाईला ती तिच्या केंद्रकांपर्यंत ओळखत होती तिचा चेहरा ती पहिल्यांदा बघत होती. जमुनानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच काय मॅडम? पोर हाय तू तर. ओली बाळंतीण दिसतेस." उत्कर्षानं खाली बघितलं. कुर्त्यावर दुधाचा डाग उमटला होता. तिनं घाईनं ओढणी ओढली.

"बस, मावशी. संध्याकाळपर्यंत सांगते."

"कॅन्सर हाय ता मला म्हायती हाय. डाक्टरनी सांगलाय, तू लपवू नको. मला फक्त सांग, पिशवी काढतील का लाईट देतील? माजा कमलेश बोटीवर जातो. बोलतो, आई, मी जात नाय या वक्ताला. मी बोलले, जा, बोट थांबवू नको. लाईट घ्यायची तं घेईन मी, मुंबईला पडून राहीन, भियत नाय. पन आग एका घराला नि पानी मारतात दुसऱ्या घरावर, तसा नको व्हायला. कंच्या घराला लागलीय, तेवढा नीट बघ."

"तेवढंच बघतेय," उत्कर्षा म्हणाली. यापेक्षा नेमकं तिला परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं.

ती आत जाऊन बसली. आईला फोन केला. "रडत नाही, शिरा खाल्ला," आई म्हणाली. "तू कपडे बदल, दूध आलं असेल." हिला कसं कळतं? उत्कर्षानं भिंतीला डोकं टेकलं. डोळ्यांपुढं बाबा आले. अणुवीज केंद्रात कामाला जाताना छातीला बिल्ला लावायचे. तिला वाटायचं, त्यावर बाबांचं नाव असेल. पण नाव लावून ठेवायला बाबा, चंद्रभान, काही हरवणार नव्हते. तो बिल्ला दुसऱ्याच कशासाठी होता, डोळ्याला न दिसणारं काही अंगाला लागलं तर त्याची खूण ठेवण्यासाठी. मग तो वाचायला पाठवायचे. बिल्ला वाचतात, या शब्दांनी ती लहानपणी थरारून जायची. दिसत नाही तेही कुठं तरी उमटतं, आणि कुणी तरी ते वाचतं. कॉलनीच्या झाडांखाली सायकल चालवताना ती आपल्या अंगावर काय काय उमटलं असेल याचा विचार करायची. समुद्राचा वारा, आईच्या हाताचा लसणाचा वास, शाळेतल्या बाईंनी मारलेली छडी. आता वाटलं, आपण दुसरं केलंय काय आयुष्यात? बिल्लेच वाचत आलो. आणि हे वाचणं चुकलं असतं आज. "निगेटिव्ह" हा शब्द तोंडातून सुटला होता. तो गेला असता पालघरला, तिथून मुंबईला, आणि या अबोली माळलेल्या बाईला एका यंत्राखाली झोपवून तिच्या दुसऱ्याच घरावर पाणी मारलं असतं. आईनं उठायला नकार दिला म्हणून वाचलो. नाही, नकार कसला, ती शिजलीच नव्हती. पण उत्कर्षाला ते नकारासारखंच वाटत राहिलं. लहानपणी खोटं बोलली की आई अशीच काही न बोलता, चेहरा कोरा करून बसायची.

वैभवीताईनं ओल्या काचा आणून ठेवल्या. "बघा, मॅडम," ती म्हणाली, आणि स्वतः दुसरीकडं बघत उभी राहिली. उत्कर्षानं काच लावली. आधी वर. डोळे मिटले, उघडले. आई होती. सगळी होती. प्रत्येक ग्रंथी, प्रत्येक केंद्रक पिकल्या चिकूच्या रंगाचं, काठोकाठ, रांगेनं, दिवाळीत कॉलनीच्या कठड्यांवर पणत्या असायच्या तशा. ती किती वेळ तिथंच थांबली. मग श्वास धरून काच खाली सरकवली. मधली रिकामी काच संपली आणि जमुना सुरू झाली. वेड्यावाकड्या, एकमेकींवर कोसळलेल्या, काही न उमजणाऱ्या त्या ग्रंथी. आणि त्यांच्या प्रत्येकीच्या पोटात तोच चिकूचा रंग. इतक्या मोडतोडीत, इतक्या विसराविसरीत. मी अस्तराची, मी अस्तराची, मी अस्तराची. हजारो तोंडांनी. दुसरी काच, व्हायमेंटिन, तपकिरी. तिसरी, पी-सोळा, इथं तिथं पुसट शिंतोडे, आणि तिच्यावर शेजारी बसवलेला दुसऱ्या बाईचा तुकडा मात्र गडद उठलेला. उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. हे इतकं सुंदर असावं याचा तिला राग यायला हवा होता, पण राग येईना. हात जोडावेत असं वाटलं. कुणाला, ते कळेना.

सर्जनना तिनं फोन लावला. "पिशवीचाच आहे, सर. मुंबईची तारीख सोडून द्या."

"नक्की?"

"नक्की. कंट्रोल उठलंय."

मग तिनं जमुनाला आत बोलावलं. असं ती कधी करत नसे. "मावशी, घर सापडलं. पिशवीच्या आतलं आहे, तोंडाचं नाही. ऑपरेशन करून पिशवी काढतील. पुढं आणखी काही लागलं तर डॉक्टर सांगतील. पण सुरुवात बरोबर घरापासून होईल."

पोटावरचा हात जमुनानं काढला, परत ठेवला. "म्हंजे ती पिशवी. कमलेशची," ती म्हणाली. मग मायक्रोस्कोपकडं बोट केलं. "मला दावशील? माजाच हाय ना तो."

तिला नीट बसवून, एक डोळा मिटायला लावून उत्कर्षानं काच धरली. "नक्षी हाय," जमुना हलकेच म्हणाली. "माज्या पोटात असा होता?" उत्कर्षानं काच सरकवली. "नि हा बाजूचा? हा तं कसा लायनीत बसलाय. हा कोनाचा?"

"माझ्या आईचा."

जमुनानं डोळा काढला. "जिती हाय?"

"हो, घरी आहे. माझ्या मुलीला सांभाळतेय."

जमुना पुन्हा वाकली, बघत राहिली. आईकडे की स्वतःकडे, ते उत्कर्षाला कळलं नाही. उठताना तिनं पाटी उचलली, पदर खोचला. "सांग तिला, मुरब्याची जमुना तुज्या बाजूला बसून गेली."

उत्कर्षा घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. तेजलनं दारातूनच तिच्याकडं झेप घेतली आणि छातीशी डोकं घुसळायला लागली. आई ओट्यापाशी उभी होती, कुकरकडे तोंड करून, पातळाचा काठ ओला झालेला. उत्कर्षानं पोरीला घेतलं, खाली बसली, आणि पोर प्यायला लागली तशी सगळ्या दिवसाची गाठ हळूहळू सुटत गेली. वडी आता संपली होती. उद्यापासून दुसऱ्या कुणाची तरी. ते सांगावं की नाही असं तिला वाटत राहिलं. मग नुसतंच म्हणाली, "आई, आज मुरब्याची एक बाई तुझ्या शेजारी बसून गेली. तुला सांग म्हणाली."

आईनं मागं वळून बघितलं. काय, कुठं, कधी, काही विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला, आणि म्हणाली,

"चहा दिला का तिला?"